सोनं शोधायला कॉइल किती इंचाची घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ४५ किलोहर्ट्झचा व्हीएलएफ (अतिकमी वारंवारतेवर चालणारा) मेटल डिटेक्टर आहे, त्याला १० बाय ६ इंचाची लंबगोल डीडी कॉइल (जमिनीवरून फिरवायची शोधतबकडी, आत D आकाराची दोन वेटोळी). शोधतो तो आटलेल्या ओढ्यात. वर गोटे आणि वाळू, खाली कातळ, कातळात उभ्या भेगा. सोनं जड, वाहत येऊन ते अशा भेगांतच अडकतं, म्हणून माझा सगळा भर तिथेच. पण कातळ इतका ओबडधोबड आहे की कॉइल भेगेच्या तोंडाशी टेकतच नाही. त्यात काळी लोहयुक्त वाळू. ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजांचा आवाज दाबायची जुळवणी) करूनही कॉइल जरा वरखाली झाली की यंत्र ओरडायला लागतं.

५ इंची गोल कॉइल घ्यावी असं मनात आहे, पण खोली कमी होईल ना? की सरळ १४ इंची घेऊन खोलवरच्या मोठ्या नगेटवर (सोन्याच्या गोळ्यावर) भरवसा ठेवू? घ्यायची एकच आहे. प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
५ इंचीच घ्या. मोठ्या कॉइलने खोली वाढते ती मोठ्या नगेटसाठी. मोहरीएवढा कण तिला जवळ असूनही लागत नाही, कारण तिचं चुंबकीय क्षेत्र पसरतं आणि तेवढी जास्त काळी वाळूही ती एकदम धरते. तुमचा गोंगाट वाढेल, कमी होणार नाही. १४ इंची मोकळ्या सपाट जमिनीवर शोभते. शिवाय एका मॉडेलची कॉइल दुसऱ्याला सहसा चालत नाही, तेही आधी बघा.

शिशाचा बारीक छर्रा पुठ्ठ्याच्या तुकड्याला चिकटवा (नाहीतर हरवतो), तुमच्याच वाळूत इंच, दोन इंच असा पुरत जा आणि आवाज कुठे थांबतो ते ऐका. दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा.

आणि वरचे गोटे आधी बाजूला काढा. कातळ उघडा झाला की जी खोली मिळते ती कुठलीच कॉइल देत नाही. छोट्या कॉइलचा पट्टा अरुंद असतो, तेव्हा सावकाश, एकावर एक पट्टे घेत फिरवा. भेगेतला गाळ खरवडून प्लॅस्टिकच्या ताटलीत घ्या आणि मूठमूठ कॉइलवरून न्या.

धागाकर्ता:
मनापासून आभार! छर्‍याचा प्रयोग करतोच. गाळात पिठासारखं सोनं असेल तर ५ इंची ते दाखवेल का?

प्रतिसाद:
नाही, ते कुठल्याच कॉइलला लागत नाही. तपासलेला गाळ फेकू नका, पॅनमध्ये (सोनं वेगळं करायच्या पसरट ताटात) धुऊन बघा.