मदत हवी आहे: पिकासातले फोटो नव्या लॅपटॉपवर आणले, पण माणसांची नावं आलीच नाहीत

वाड्यातला

नमस्कार मंडळी,

आमच्या बाबांनी निवृत्तीनंतर एक मोठं काम हातावेगळं केलं. घरातले जुने अल्बम स्कॅन केले, डिजिटल कॅमेऱ्यातले आणि मोबाईलमधले फोटो त्यात घातले आणि पिकासात (गूगलचं जुनं फोटो लावायचं सॉफ्टवेअर) बसून एकेका चेहऱ्याला नाव दिलं. आमचं मूळ घर मिरजेचं, गोतावळा मोठा. बाबांच्या आत्या, त्यांच्या जावा, वाड्यातले भाडेकरू, कुठल्याशा मुंजीत मागच्या रांगेत उभे असलेले दूरचे मामा. यातल्या निम्म्या माणसांना आज बाबांशिवाय कोणी ओळखत नाही. आणि बाबांना आता पडद्यावरचं नीट दिसत नाही, त्यामुळे हे काम त्यांच्याकडून परत करून घ्यायचा प्रश्नच नाही.

जुना लॅपटॉप (विंडोज ७) शेवटच्या घटका मोजतोय. मी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, फोटो कॉपी केले आणि नव्या लॅपटॉपवर (विंडोज ११) उघडले, तर:

- एकाही फोटोत माणसाचं नाव नाही.
- बाबांनी सरळ केलेले कितीतरी फोटो पुन्हा आडवे झालेत.
- कापून नीट केलेले फोटो जसेच्या तसे मूळ रूपात दिसतायत.
- "कोयनानगर सहल", "आईची साठी" असे अल्बम बनवले होते, ते कुठेच नाहीत. फोटोंखालच्या ओळी मात्र बहुतेक ठिकाणी आल्यात!

जुन्या लॅपटॉपवर पिकासा अजून चालतं आणि तिथे सगळं जागेवर आहे. मला (१) हे सगळं नव्या लॅपटॉपवर आणायचंय, (२) पिकासाच्या जागी काय वापरावं ते ठरवायचंय आणि (३) सांगलीची आत्या, पुण्यातले काका आणि टोरांटोचा चुलत भाऊ यांना फोटो नावांसकट द्यायचेत. आत्याला मोबाईल आणि टीव्ही याखेरीज काही जमत नाही. मी स्वतः एक्सेलपर्यंतचा माणूस आहे, त्या हिशेबाने सांगा.

---

सहज_बघितलं

गूगल फोटोजवर चढवा आणि मोकळे व्हा की. चेहरे ते आपणच ओळखतं.

---

फिल्मरोल

@सहज_बघितलं, चेहरे ओळखतं म्हणजे सारखे चेहरे एकत्र लावतं. नाव आपल्यालाच द्यावं लागतं, आणि इथे तर ते बाबांनी एकदा देऊन झालंय. शिवाय तिथे दिलेली नावं आपल्या खात्यापुरती असतात. अल्बम शेअर केला तरी आत्याला ती दिसणार नाहीत. जागेचंही आहे: १ जून २०२१ पासून चढवलेला प्रत्येक फोटो फुकटच्या १५ जीबीत मोजला जातो, आणि त्याच १५ जीबीत जीमेलही आहे.

@वाड्यातला, आधी एक गोष्ट: जुना लॅपटॉप फॉरमॅट करू नका, कोणाला देऊ नका, त्यावर विंडोज नवं टाकू नका. तुमचं काही हरवलेलं नाही. पिकासा हे सगळं कुठे ठेवतं ते कळलं की उलगडा होईल.

पिकासा मूळ फोटोला शक्यतो हात लावत नाही. फोटो फिरवला, कापला, उजळ केला, तारा दिला की त्याची नोंद ते त्याच फोल्डरमधल्या 'डॉट पिकासा डॉट आयएनआय' नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये करतं. म्हणजे "हा फोटो उजवीकडे फिरवून दाखव" एवढीच चिठ्ठी. पिकासा ती चिठ्ठी वाचतं म्हणून तिथे फोटो सरळ दिसतो, इतर सॉफ्टवेअरना ती कळत नाही म्हणून आडवा. चेहऱ्यांची नावंही याच चिठ्ठीत. अल्बमची मुख्य नोंद तर विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये पिकासाच्या स्वतःच्या डेटात असते. फोटोखालची ओळ आणि टॅग मात्र फोटो जेपेग (फोटोच्या फाइलचा नेहमीचा प्रकार) असेल तर थेट फोटोच्या फाइलमध्ये लिहिले जातात. तुमच्या ओळी आल्या आणि बाकीचं राहिलं, त्याचं कारण हे.

कॉपी कशी केलीत? फोल्डर उघडून आतले सगळे फोटो निवडून केली असेल तर लपलेल्या फाइली मागेच राहिल्या. अख्खा फोल्डर उचलून टाकला असेल तर त्याही आल्या असतील. एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' दिसतील असं करा आणि बघा.

---

वाड्यातला

आतले फोटो निवडूनच केली होती. लपलेल्या फाइली जुन्या लॅपटॉपवर दिसल्या, प्रत्येक फोल्डरमध्ये आहेत. जिवात जीव आला. पुढे?

---

फिल्मरोल

आता जुन्या लॅपटॉपवरच, पिकासातच, चिठ्ठीतलं सगळं फोटोत उतरवून घ्यायचं. ते एकदा फोटोत गेलं की उद्या कुठलंही सॉफ्टवेअर बंद पडो, आपलं अडत नाही. पिकासाचंच बघा ना, २००४ मध्ये गूगलने घेतलं, २०१६ च्या मार्चमध्ये सोडून दिलं.

१. अख्खा फोटो-फोल्डर लपलेल्या फाइलींसकट बाहेरच्या डिस्कवर. ही प्रत तशीच ठेवायची, तिच्यावर प्रयोग नाहीत. युजर फोल्डरमध्ये 'ॲपडेटा', मग 'लोकल', मग 'गूगल' यात पिकासाचे दोन फोल्डर असतात, तेही घ्या.

२. पिकासा ३.९ आहे ना ते बघा. टूल्स, ऑप्शन्स, नेम टॅग्ज इथे 'स्टोअर नेम टॅग्ज इन फोटो' अशी चौकट आहे. ती टिक करा. आधी दिलेल्या नावांसाठी टूल्समध्येच 'एक्सपेरिमेंटल'खाली चेहरे एक्सएमपीत लिहिण्याचा पर्याय मिळेल. एक्सएमपी म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच माहिती ठेवायची जागा. चेहऱ्याची चौकट आणि नाव दोन्ही तिथे जातं. फोटो भरपूर असतील तर रात्री लावून झोपा.

३. फिरवलेले-कापलेले फोटो: फोल्डरच्या नावाशेजारी डिस्कच्या चित्राचं बटण असतं, 'सेव्ह एडिटेड फोटोज'. त्याने बदल खरोखर फोटोत होतात आणि मूळ फोटो 'पिकासा ओरिजिनल्स' या लपलेल्या फोल्डरमध्ये सरकतो. म्हणजे मूळही शाबूत.

४. अल्बम आणि तारे: अल्बम उघडा, सगळे फोटो निवडा, अल्बमच्या नावाचा टॅग द्या. ताऱ्यांसाठी "निवडक" असा टॅग. टॅग फोटोत जातो हे वर आलंच आहे.

बाबांनी नावं देवनागरीत दिली असतील तर आधी एकाच छोट्या फोल्डरवर हे करून बघा. अक्षरांचे चौकोन झाले तर तिथेच थांबता येईल.

---

रेघोट्या

फिल्मरोल यांना +१. पिकासानंतर काय, तर माझं मत डिजिकॅम. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, केडीई प्रकल्पातलं आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि पिकासाने एक्सएमपीत लिहिलेल्या चेहऱ्यांच्या चौकटी वाचतं. दिसायला पिकासाइतकं गोड नाही. पहिल्या दिवशी मेनू बघून गरगरायला होतं, हे आत्ताच सांगून ठेवते.

बसवताना ते दोन गोष्टी विचारतं. डेटाबेस (त्याची स्वतःची नोंदवही) कुठे ठेवायचा: तो लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरच ठेवा, फोटो बाहेरच्या डिस्कवर असले तरी चालतात. आणि माहिती फाइलमध्ये लिहायची का: हो म्हणा. पुढे सेटिंग्जमध्ये 'मेटाडेटा' पानावर काय काय लिहायचं याच्या टिका आहेत. टॅग, ओळी, तारखा यांच्याबरोबर 'फेस टॅग्ज' ही वेगळी टीक आहे, ती आहे ना ते मुद्दाम बघा. नाहीतर डिजिकॅममध्ये नवी नावं द्याल आणि ती परत त्याच्या डेटाबेसमध्येच अडकतील. पिकासाचाच खेळ पुन्हा.

नवे चेहरे ते स्वतः शोधतं आणि जुन्या नावांवरून अंदाज बांधतं. अंदाज आपण पक्का केल्याशिवाय नाव लागत नाही. आमच्याकडे दोन बहिणींमध्ये ते हमखास गोंधळतं. (नातेवाईकही गोंधळतात, त्यामुळे तक्रार नाही.)

---

कोपऱ्यातलं_टेबल

अडोबीच्या लाइटरूमचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून घेतो. फोटोंवर काम करायला उत्तम, पण वर्गणी चालू ठेवावी लागते आणि घरगुती संग्रहासाठी ते जास्तीचं होतं. तिथेही माहिती आधी कॅटलॉगमध्येच (त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये) राहते, एक्सएमपीत लिहायची टीक आपण करायची. नुसतं बघायला आणि टॅग द्यायला काही हलकं हवं असेल तर एक्सएनव्ह्यू एमपी बघा, घरगुती वापराला फुकट आहे.

स्कॅन केलेल्या फोटोंच्या तारखांचं काय केलंत? स्कॅनच्या दिवसाची तारीख पडली असेल तर आजोबांची मुंज कोविडच्या अलीकडेपलीकडे दिसेल.

---

वाड्यातला

तसंच दिसतंय! १९६० च्या आसपासचे फोटो २०१३ मध्ये. बाबा वर्ष सांगतात, दिवस आठवत नाही.

---

रेघोट्या

डिजिकॅममध्ये वेळ बदलायचं साधन आहे. अनेक फोटो निवडून एकच तारीख देता येते. वर्षच माहीत असेल तर १ जानेवारी द्या आणि ओळीत "अंदाजे १९६२, बाबांच्या आठवणीप्रमाणे" असं लिहा. नाहीतर पुढच्या पिढीला वाटेल, या घरात सगळे समारंभ १ जानेवारीलाच व्हायचे.

बाबांशेजारी बसून मोठ्या टीव्हीवर फोटो दाखवा आणि ते बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करा. ओळी नंतर लिहिता येतील.

---

वाड्यातला

छोट्या फोल्डरवर करून पाहिलं. देवनागरी नावं व्यवस्थित आली! डिजिकॅममध्ये 'माणसं'च्या यादीत बाबांच्या आत्या चौकटीसकट दिसल्या, बाबांना वाचून दाखवलं. आडवे फोटोही सरळ झाले.

एक अडचण: सुरुवातीचे स्कॅन बाबांनी जेपेगऐवजी टिफ या दुसऱ्या फाइल-प्रकारात केले होते. त्यांच्यात नाव येत नाहीये. पिकासात मात्र दिसतं.

---

फिल्मरोल

पिकासा नावं जेपेगमध्येच लिहितं, टिफमध्ये नाही. पण चिठ्ठी आहेच. ती आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक फोटोच्या नावाखाली 'फेसेस' अशी ओळ असेल, तिच्यात 'रेक्ट६४' आणि कंसात आकडे-अक्षरांची सोळा घरांची माळ, मग स्वल्पविराम आणि एक लांबलचक क्रमांक. त्या माळेचे चार-चार घरांचे चार तुकडे पाडले की चेहऱ्याची डावी, वरची, उजवी आणि खालची कड मिळते. सुरुवातीची शून्यं गाळलेली असतात, म्हणून माळ कधी आखूड दिसते. शेवटचा क्रमांक माणसाचा. त्याच फाइलमध्ये 'काँटॅक्ट्स२' या मथळ्याखाली क्रमांक आणि नाव यांची जोडी सापडेल. तिथे नसेल तर पिकासाच्या डेटा फोल्डरमधल्या काँटॅक्ट्सच्या फाइलमध्ये.

टिफ मोजके असतील तर फार डोकं लावू नका. जुन्या लॅपटॉपवर पिकासा, शेजारी नव्यावर डिजिकॅम, बघून बघून चौकटी काढा. शेकड्यांनी असतील तर इथे सांगा, त्या आकड्यांवरून नावं उतरवणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिता येते.

---

वाड्यातला

मोजकेच आहेत, हाताने करतो. आता वाटपाचं सांगा. व्हॉट्सॲपवर पाठवले तर?

---

कोपऱ्यातलं_टेबल

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आतली माहिती, म्हणजे तारीख, ओळ, नावं, सगळी पुसली जाते. एचडी निवडलं तरी मूळ फाइल जात नाही. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. पण सगळा संग्रह असा कोण पाठवत बसणार.

टोरांटोच्या भावाला अख्खा संग्रह क्लाउडवर टाकून लिंक द्या, मूळ फाइली उतरवून घे म्हणावं. डिजिकॅम त्यानेही बसवलं तर नावं आपोआप दिसतील, आणि एक प्रत सातासमुद्रापार राहील, ते वेगळंच. लिंक मात्र कुटुंबाच्या ग्रुपवर फेकू नका. ज्याच्या हाती पडेल तो बघतो, आणि फोटोंत लहान मुलं असतात.

पुण्याच्या काकांना पेनड्राइव्ह. डिजिकॅममध्ये 'एचटीएमएल गॅलरी' बनवता येते, ती ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडते. ओळी त्यात दिसतात.

---

रेघोट्या

आत्यांसाठी वेगळा विचार करा. टीव्हीला एक्सएमपी वगैरे काही कळत नाही, तो बहुधा फाइलच्या नावाने फोटो लावतो. म्हणून निवडक फोटोंची वेगळी प्रत काढा, डिजिकॅममध्ये सगळे निवडून एफ२ दाबा आणि नावात आधी वर्ष-महिना-दिवस येईल असं करा. ज्या फोटोंत माणसं ओळखणं महत्त्वाचं, त्यांच्या फाइलच्या नावातच "१९६२ मुंज मागची रांग" असं हाताने लिहा. काही टीव्ही देवनागरी नावांऐवजी चौकोन दाखवतात, तेव्हा एक फोटो आधी लावून बघा.

पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला तर विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो. आत्यांचा टीव्ही जुना असेल आणि तो वाचत नसेल तर फॅट३२ करा. त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल बसत नाही, तेव्हा लग्नाची कॅसेट डिजिटल करून ठेवली असेल तर तिचे तुकडे करावे लागतील.