ऑलिव्हर फक्त 'आर्मस्ट्राँगचा गुरू'?

जॅझमधला कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य) जो ऊर्फ किंग ऑलिव्हर याला वर एका प्रतिक्रियेत कुणीतरी 'आर्मस्ट्राँगचा गुरू', म्हणजे प्रसिद्ध जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगचा गुरू, म्हणून एका ओळीत निकालात काढलंय. अहो, १९२३ सालची त्याच्या बँडची 'डिपरमाउथ ब्लूज' ही रेकॉर्ड एकदा नीट ऐका. त्यातला ऑलिव्हरचा सोलो (एकट्याचं वादन) म्हणजे बारा-बारा बारची (एक बार म्हणजे चार मात्रा) तीन आवर्तनं, सूर मोजकेच. सगळी करामत कॉर्नेटच्या तोंडाशी धरलेल्या म्यूटची, म्हणजे आवाज दाबणाऱ्या झाकणाची. तो झाकला-उघडला की 'वाऽवा' असा चक्क माणसाच्या गळ्यातून निघाल्यासारखा आवाज येतो. पुढे कित्येक वादकांनी हा सोलो जसाच्या तसा उचलला. ध्वनिमुद्रण मात्र यथातथाच: मायक्रोफोन नाही, सगळा बँड आवाज टिपणाऱ्या एका भोंग्यासमोर, आणि जेनेट या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ रेल्वे रुळांना खेटून! त्यामुळे ड्रम शोधावे लागतात. दुसरा कॉर्नेट तरुण आर्मस्ट्राँगचा. दोघांचे जोडीचे ब्रेक (बाकी बँड थांबतो तेव्हा वाजवलेले छोटे तुकडे) ऐकून शिकागोचे वादक चाट पडत.

नंतर हिरड्यांच्या दुखण्याने ऑलिव्हरचा घात केला. कॉर्नेटवाल्याचे दात-हिरड्या गेल्या की उरलं काय? १९२७ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबचं काम पैशांवरून नाकारलं, ते ड्यूक एलिंग्टन या दुसऱ्या बँडप्रमुखाच्या पथ्यावर पडलं. शेवटी अमेरिकेतल्याच सव्हाना शहरात एका पूल हॉलमध्ये (बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या अड्ड्यात) झाडलोट करत १९३८ मध्ये हा माणूस गेला.

आर्मस्ट्राँग मात्र त्याला शेवटपर्यंत 'पापा जो'च म्हणायचा.