चिरेबंदी घरातली चूल नीट करायची आहे, धुराडं कुठून काढावं?

संगमेश्वरी_ठाणेकर

नमस्कार मंडळी,

आमचं घर देवरुखच्या आत, संगमेश्वर तालुक्यात. भिंती चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं, खाली सागाचे वासे आणि रिपा. आई ७४ वर्षांची, एकटी असते. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी, भाकरी आणि सकाळची पेज तिला चुलीवरच हवी. ती मी बंद करणार नाही. माझी काळजी वेगळी आहे.

चूल स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे. धुराडं नाही, धूर कौलांच्या फटींतून जातो. वर पोटमाळा, त्यावर सोडणं (नारळाची वाळकी सालं), करवंट्या आणि चुडतं (माडाच्या वाळक्या झावळ्या) रचलेली. जुलैत आईला रात्री करपट वास आला. तिनं बॅटरी घेऊन शिडी लावली, तर एक सोडण आतल्या आत धुमसत होतं. कळशीभर पाणी ओतलं म्हणून विझलं. ते सोडण तिनं मला दाखवायला ठेवलं होतं. वरून तांबूस, अगदी धड. मधे बोट जाईल एवढं काळं भोक. ते हातात घेतल्यापासून मला झोप नाही.

आता धुराडं बसवायचं आहे. गावातला प्लंबर म्हणतो, चार इंची पीव्हीसी पाइप कौलातून वर काढू, स्वस्तात होईल. पाइप कुठला घ्यावा? छपरातून काढावा की भिंतीतून? आणि गॅसची टाकी त्याच खोलीत चुलीपासून सात-आठ फुटांवर आहे, ते चालतं का?

चूलगवंडी

पीव्हीसी अजिबात नको. हे पहिलं वाचा, बाकीचं नंतर.

मी गवंडी. केंद्र सरकारनं १९८३ साली निर्धूर चुलींचा कार्यक्रम सुरू केला, त्यात मी १९९२ ला शिकलो आणि पुढं दहाएक वर्षं गावोगाव चुली बांधल्या. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. चुलीच्या तोंडाशी धूर दोन-तीनशे अंशांचा असतो. पाइप वाकेल, गळेल, आणि जळताना त्याचा जो धूर होतो तो नाकाघशात आम्लासारखा झोंबतो. जुना सिमेंटचा एसी पाइप कुणी फुकट देऊ केला तरी घेऊ नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि कापताना ती धूळ छातीत जाते. आम्ही त्या काळी तेच पाइप सर्रास बसवले. करवतीनं कापले, तोंडाला फडकंसुद्धा नसायचं. आज कुणाला तसं करू देणार नाही. जाड पत्र्याचा पाइप घ्या, सहा इंची मिळाला तर उत्तम, चारच्या खाली नको. तीन इंची पाइप काजळीनं लगेच चोंदतो.

आता जागा. पत्र्याचा एकेरी, म्हणजे एकाच थराचा, पाइप तापला की शेजारचं लाकूड वर्षानुवर्षं भाजत राहतं. भाजून भाजून ते इतकं कोरडं होतं की पुढं कमी उष्णतेलाही पेट घेतं. म्हणून एकेरी पाइप आणि लाकूड यांत दीड फूट मोकळं हवं. तुमच्या दोन वाशांमधलं अंतर मोजा. बहुतेक दीड-दोन फूटच भरेल, म्हणजे मधोमध पाइप घातला तरी दोन्हीकडे पुरेशी जागा उरत नाही. धुरामुळं वाशांना वाळवी लागत नाही हे खरं आहे, पण तोच काळा थर ठिणगी पडली की पेटतो.

भिंतीतून आडवा काढाल तर चिरा जळत नाही, ते चांगलं. पण बाहेर वळचण पुढं आलेली असणार, तिथं पुन्हा वाशांची टोकं आणि रिपा आल्याच. शिवाय आडव्या पाइपला ओढ कमी, त्यात काजळी बसते आणि धूर खोलीत उलटतो.

म्हणून माझं मत असं, की चूलच हलवा. मागच्या पडवीवर पत्रे असतील आणि खाली लोखंडी अँगल असतील तर तिथं मांडा. पाइप सरळ वर. पत्र्याला भोक पाइपपेक्षा मोठं पाडायचं, त्यावर पत्र्याची गळपट्टी बसवायची, म्हणजे पाइप तापून फुगला तरी जागा राहते आणि पाऊस आत येत नाही. पाइप छपराच्या वर तीन फूट तरी निघाला पाहिजे, आणि दहा फुटांच्या आत घराचं आढं असेल तर त्याहून दोन फूट उंच. आखूड ठेवलात तर वारा आढ्यावरून खाली उतरतो आणि धूर परत आईच्या तोंडावर येतो. वर टोपी घाला, पण टोपी आणि पाइप यांत वीतभर मोकळं सोडा.

चूल दोन वैलांची, म्हणजे दोन भांडी ठेवता येतील अशी, असेल तर दुसऱ्या वैलावर कायम भांडं नाहीतर झाकण हवं. ते उघडं राहिलं की पाइपची सगळी ओढ तिथून जाते. आणि मोठं लाकूड शिरावं म्हणून चुलीचं तोंड कोयतीनं फोडू नका. मी बांधलेल्या निम्म्याहून जास्त चुली अशा फोडलेल्या मी परत जाऊन पाहिल्यात, आणि घरातली माणसं म्हणायची, तुमची निर्धूर चूल धूर ओकते.

आता जे सांगायला मी एवढं लिहायला बसलो ते. १९९७ च्या पावसाळ्यात मी बांधलेल्या एका चुलीचं धुराडं पेटलं. पाइप वर्षभर कुणी साफ केला नव्हता आणि घरात जळत होती ओली लाकडं. ओलं लाकूड धुमसतं, त्याचा धूर वर जाऊन थंड पाइपला चिकटतो, डांबरासारखा थर साचतो. तो थर एका सकाळी पेटला. घरातली बाई सांगत होती, एसटी अंगणात येऊन उभी राहावी तसा घोंघों आवाज आला आणि पाइप लाल झाला. माणसं वाचली, पण पाइपलगतच्या दोन वाशांचा कोळसा झाला. मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्या बाईनं मला विचारलं, हा साफ कुठून करायचा होता? माझ्याकडं उत्तर नव्हतं. वरून कौलं काढूनच करता येत होता, आणि ती साठीची होती.

तेव्हापासून मी पाइपच्या बुडाशी टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) आणि काढघालीचं झाकण टाकल्याशिवाय एकही चूल बांधली नाही. तुमची आई छपरावर चढणार नाही. झाकण तिच्या हाताला आलं पाहिजे. चूल रोज पेटत असेल तर महिन्यातून एकदा, थंड असताना, झाकण काढायचं, लांब काठीला काथ्या बांधून खालून फिरवायचा. वर्षातून एकदा पावसाळ्याआधी गडी लावून वरूनही साफ.

कधी पाइप पेटलाच तर पाण्यानं विझवायला जाऊ नये. तापलेल्या पाइपवर पाणी पडलं की तो वाकू शकतो, सांधे सुटू शकतात, आणि वाफ अंगावर येते. चुलीतल्या जाळावर राख नाहीतर वाळू टाकायची, तोंड पत्र्यानं झाकायचं, घराबाहेर पडायचं आणि ११२ ला फोन.

गॅसची टाकी त्या खोलीत नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवरून पसरतो, आणि चुलीचा जाळ जमिनीलगतच असतो. सात फूट काय, पंधरा फूटही माझ्या मते कमीच. एकाच खोलीत दोन्ही नकोत.

निवृत्त_परिचारिका

गवंडीदादांनी घराचं सांगितलं, मी माणसाचं सांगते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षं काढली.

धूर दिसतो म्हणून आपण त्याला घाबरतो. पण निखाऱ्यांतून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. पावसाची झड नको म्हणून दारं-खिडक्या लावून चूल पेटवली की हेच होतं. सगळ्यात वाईट म्हणजे रात्री निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत नेणं. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून दार लावून घेतलेलं मी पाहिलंय, आणि सकाळी बाळ-बाळंतीण दोघं सुस्त पडलेली आमच्याकडं आणली होती. दोघं वाचली, पण तो दिवस मी विसरले नाही. तुमच्या आईला शेकायची सवय असेल तर शेक पडवीतच घेऊ द्या. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म ऑनलाइन मिळतो. एक झोपायच्या खोलीत लावा आणि तो वाजला की काय करायचं ते त्यांना दाखवून या.

दुसरं, कपडे. नायलॉनचा गाऊन किंवा सिंथेटिक साडी घालून चुलीपुढं बसू देऊ नका. ते पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. सुती साडी आणि पदर खोचलेला. जाळ धरत नाही म्हणून रॉकेल ओतायची सवय असेल तर ती आजच मोडा. भाजलंच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको. आणि १०८.

त्यांना खोकला किती दिवसांचा आहे? जिना चढताना दम लागतो का? लागत असेल तर चुलीच्या आधी फुप्फुसांची तपासणी करून घ्या.

कुडाळची_माहेरवाशीण

लाकडांबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण निम्मा धूर तिथंच आहे.

ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाणीच असतं. आमच्याकडं लाकडं पौषात तोडून, फोडून, उन्हात आडवी-उभी रचून ठेवतात आणि मृगाच्या आधी खोपीत भरतात. न फोडलेला ओंडका सहा महिन्यांतही आतून वाळत नाही, साल पाणी धरून ठेवते. वाळलं की नाही ते आवाजावरून कळतं: दोन ढलप्या एकमेकींवर मारा, वाळकी टणटण वाजतात, ओल्या थपथप. टोकाला भेगा पडलेल्या हव्यात.

बिब्ब्याचं लाकूड कधीच जाळायचं नाही, त्याच्या धुरानं अंग सुजतं. कण्हेरीच्या काटक्याही नकोत, ते विष आहे. काजूबियांची टरफलं खूप जळतात म्हणून लोक घालतात, पण त्यांचं तेल उडून कातडी भाजते. प्लायवूड आणि रंगवलेल्या जुन्या खिडक्या पाणी तापवायलासुद्धा नकोत.

आणि राख. वरून थंड दिसते, आत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरायची, डबा लाकडी फळीवर न ठेवता अंगणात ठेवायचा. मगच भांड्यांना नाहीतर माडाच्या अळ्यात.

संगमेश्वरी_ठाणेकर

काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार गावी जाऊन आलो. पोटमाळा पूर्ण रिकामा केला, सोडणं खोपीत गेली. गॅसची टाकी बाहेरच्या खोलीत नेली, गॅसची शेगडीही तिथंच ओट्यावर. आईला दोन वर्षांपासून खोकला आहे, तिनं कधी सांगितलं नव्हतं. रत्नागिरीला छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

पडवीवर पत्रे आहेत, अँगलही लोखंडी. पण आई तिथं यायला तयार नव्हती. खूप वेळ विचारल्यावर म्हणाली, इथं बसलं की मागल्या दारातून गोठा दिसतो, तिथून भिंत दिसणार. गोठ्यात गेली नऊ वर्षं गुरं नाहीत. मी काही बोललो नाही.

काका, पडवीत चुलीचं तोंड उत्तरेला केलं तर गोठा दिसतो, पण पश्चिमेचा वारा कडेनं येतो. चालेल का?

चूलगवंडी

चालेल. पश्चिमेच्या बाजूला चिऱ्याची अडीच-तीन फुटांची आडभिंत घाला, चुलीपासून दोन हात लांब. जाळ हलणार नाही आणि ठिणगीही उडणार नाही. तोंड उत्तरेलाच ठेवा. त्यांना पाटावर बसवून झाकणाची उंची ठरवा, उभ्यानं मापू नका.

संगमेश्वरी_ठाणेकर

आज चुलतभावानं आईला पाटावर बसवून माप घेतलं. झाकण जमिनीपासून दोन फुटांवर, उजव्या हाताला. आडभिंतीचे चिरे उद्या येतात.