मदत हवी आहे: बँडवरच्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवू?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ४७, काम दिवसभर खुर्चीतलं. मागच्या तपासणीत रक्तदाब १३८/८८ भरला. डॉक्टर म्हणाल्या, लगेच गोळी नको, तीन महिने नेमाने चाला, घरी रक्तदाब मोजून लिहून ठेवा, मग बघू. भाच्याने वाढदिवसाला दिलेला फिटनेस बँड खोक्यातच पडून होता, तो काढला. दीड महिना झाला, चार्जिंगपुरता सोडला तर हातातून उतरलेला नाही. चालण्यापेक्षा त्याच्याकडे बघण्यातच माझा जास्त वेळ जातो असं घरच्यांचं म्हणणं आहे, आणि ते अगदीच खोटं नाही.

मुख्य तक्रार नाडीची. भरभर चालायला लागले की पाचेक मिनिटांत बँडवर ११८-१२० येतो आणि तिथेच चिकटून बसतो. चढ लागला, धाप लागली, तरी ११९. उतार आला तरी १२०. परवा वैतागून उभी राहिले, गळ्यापाशी दोन बोटं लावली आणि ३० सेकंद मोजलं. ४८ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला ९६. तेवढ्यात बँडकडे बघितलं तर साहेब स्वतःच घसरून ९८ वर आलेले! थांबलं की खरं बोलतो आणि चालताना थापा मारतो, हा काय प्रकार आहे?

पावलांचंही तसंच. सामानाची ट्रॉली ढकलत अर्धा तास हिंडले तर जेमतेम दोनशे पावलं. घरी इस्त्री करत एका जागी उभी होते तर तीनशे.

आणि झोप. गेल्या आठवड्यात एका रात्री दोन ते चार टक्क जागी होते. नवऱ्याची झोपमोड नको म्हणून हलले नाही, छताकडे बघत पडून राहिले. सकाळी ॲप सांगतंय, छान झोप झाली, ८४ गुण. दुसऱ्या दिवशी चांगली ताजीतवानी उठले, फोन बघितला तर ५८ गुण. मग दिवसभर जांभया देत बसले. ह्यात मूर्ख कोण, बँड की मी?

शेवटचं. अधूनमधून बसल्या जागी छातीत धडधडतं, एखादा ठोका चुकल्यासारखं वाटतं. दहा-पंधरा सेकंदांत थांबतं. भाचा म्हणतो, हे खेळणं फेक आणि ईसीजीवालं स्मार्टवॉच घे. एका जाहिरातीत रक्तदाब, साखर, ऑक्सिजन सगळं मनगटावर मोजणारं घड्याळ बघितलं, तेही मनात घोळतंय. नवीन काही घ्यावं का, घेतलं तर काय बघून घ्यावं, आणि आहे त्यातलं काय खरं मानावं?

प्रतिसाद १

ताई, एक करून बघा. उद्या भरभर चालताना ३० सेकंदांत पावलं किती पडतात ते मोजा आणि इथे लिहा. मला उत्तर ठाऊक आहे असं वाटतंय, पण आधी तुम्ही मोजा.

प्रतिसाद २

वाचते आहे. माझ्या आईसाठी हेच विचारायचं होतं.

धागाकर्ती

मोजली. ६० पडली. पुन्हा मोजली, ५९. म्हणजे मिनिटाला १२०... थांबा, हा तर माझा नाडीचा आकडा!

प्रतिसाद १

तेच! ह्याला कॅडन्स लॉक म्हणतात, कॅडन्स म्हणजे पावलांचा ताल. पळणाऱ्यांना हे दुखणं जुनं आहे, माझ्या घड्याळाने मला कित्येक महिने असंच फसवलं.

बँड उलटा करून बघा, हिरवा दिवा लुकलुकत असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांमध्ये रक्त वाढतं आणि परतून येणारा प्रकाश कमी होतो, दोन ठोक्यांच्या मधे तो पुन्हा वाढतो. ह्या चढउतारावरून बँड नाडी काढतो. पण हात झुलला की बँड त्वचेवर सरकतो, आतलं रक्तही हिंदकळतं. पावलांचा ताल पक्का आणि जोरदार, त्यापुढे ठोक्याचा ताल दुबळा. मग सॉफ्टवेअर पावलांनाच ठोके समजतं. चढावर आकडा हलत नव्हता तो म्हणूनच, तुमची चाल तीच होती ना!

उपाय सोपा आहे. बँड मनगटाच्या हाडावर नको, कोपराच्या दिशेला दोन बोटं वर सरकवा. चालताना एक भोक घट्ट, घरी आल्यावर पुन्हा सैल. हात गार असतील तर आधी चोळून गरम करा, थंडीत त्वचेखालचं रक्त कमी होतं आणि दिव्याला काही दिसत नाही. गोंदण असेल तर दुसरा हात. एवढं करूनही लॉक झालंच तर अर्धा मिनिट हात न झुलवता चाला, बहुतेक वेळा सुटतं. चालतानाची नाडी नेमकीच हवी असेल तर छातीला बांधायचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, त्याला झुलत्या हाताशी देणंघेणं नाही. पण तुम्हाला रोजच्या चालण्यासाठी त्याची गरज वाटत नाही. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढी धाप पुरे.

आणि तुमच्याही मोजण्यात एक खोट आहे, रागावू नका. थांबल्या थांबल्या नाडी उतरायला लागते. ३० सेकंद मोजलंत तर उत्तर खऱ्यापेक्षा कमीच येणार. १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा.

प्रतिसाद ३

पावलांबद्दल. बँडला पाऊल दिसत नाही, हाताचा हिसका दिसतो. ट्रॉलीच्या दांड्याला धरलेला हात झुलत नाही, म्हणून पावलं गायब. इस्त्रीचा हात पुढेमागे होतो, म्हणून फुकटची पावलं. ट्रॉली ढकलताना बँड पँटच्या खिशात टाका, बरीचशी धरली जातील.

तुमच्या ॲपमध्ये १०,००० चं लक्ष्य आधीच भरलेलं असेल. तो आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलं मोजणारं यंत्र. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूदर २,७०० वाल्यांपेक्षा बराच कमी होता आणि ७,५०० च्या आसपास पुढचा फायदा सपाट होत गेला. तुम्ही त्यांच्यापेक्षा खूप लहान आहात, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा घेऊ नका. पण ९,२०० झाली म्हणून रात्री अकराला दिवाणखान्यात फेऱ्या मारणाऱ्यांनी (मी!) जरा दमाने घ्यावं. मी आता पावलं सोडून मिनिटं बघतो. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम असं आहे.

कॅलरीच्या आकड्याकडे तर बघूच नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात उपकरणं ६० जणांच्या मनगटावर तपासली. सातांपैकी सहा उपकरणांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात बरं उपकरणही २७ टक्के चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्के.

प्रतिसाद ४

हातात काहीच नको. मी दोन वर्षं घालून काढून टाकलं. भूक लागली की जेवतो, दम लागला की बसतो.

प्रतिसाद ५

@प्रतिसाद ४, ज्यांना डॉक्टरांनी लिहून ठेवायला सांगितलंय त्यांना हा सल्ला उपयोगाचा नाही हो.

ताई, झोपेच्या बाबतीत तुम्ही मूर्ख नाही आणि बँडही पुरता नाही. झोपेच्या अवस्था खऱ्या ओळखायच्या तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. बँडकडे असतात हालचाल आणि नाडी, बाकी अंदाज. तुम्ही न हलता शांत पडून होतात, नाडी संथ होती, त्याने झोप म्हणून नोंद केली. सगळ्याच बँडांचं हे दुबळं अंग आहे, झोपलेलं बरं ओळखतात आणि पडल्या पडल्या जागं असणं चुकवतात.

५८ गुण बघून जांभया देणं ह्यालाही नाव आहे. २०१७ साली झोपेच्या संशोधकांनी ट्रॅकरच्या आकड्यांपायी झोप बिघडवून घेणाऱ्यांसाठी 'ऑर्थोसोम्निया' हा शब्द वापरला. मी त्यातून गेलेय. नऊ वाजल्यापासून आजचे गुण किती येतील ह्याच काळजीत असायचे, मग येणार कुठून झोप! आता फक्त किती वाजता आडवी झाले आणि कितीला उठले एवढंच बघते, तेही रविवारी, आठवड्याचं एकदम. सकाळी उठून आधी स्वतःला विचारायचं, कसं वाटतंय, आणि फोन दात घासून झाल्यावर.

प्रतिसाद ६

मी डॉक्टर आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण धडधडीचा मुद्दा बाकी सगळ्यांच्या खाली गाडला जातोय म्हणून लिहितो.

ठोका चुकल्यासारखं वाटणं पुष्कळांना होतं आणि बरेचदा निरुपद्रवी असतं. तरी ते तुमच्या डॉक्टरांना सांगितलंत का? धाग्यावरून तरी सांगितलेलं दिसत नाही. आधी ते करा. धडधडीबरोबर चक्कर, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तातडीने दवाखाना गाठा.

घड्याळाचा ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघतो. ३० सेकंद बोट टेकवून बसायचं, तो मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन ह्या अनियमित तालाचा शोध घेतो. हार्ट ॲटॅक त्याला कळत नाही, त्याचं ॲपही तसं स्पष्ट सांगतं. तुमची धडधड दहा-पंधरा सेकंदांची. ॲप उघडून बोट टेकवेपर्यंत ती संपलेली असेल. अशा वेळी २४ तास किंवा जास्त दिवसांचा होल्टर (अंगावर बाळगायचं छोटं ईसीजी यंत्र) उपयोगी पडतो, कारण तो सतत नोंद करत असतो. लावायचा की नाही ते तुमच्या डॉक्टर ठरवतील.

घड्याळ कुचकामी आहे असं मात्र मी म्हणत नाही. ॲपलच्या मोठ्या अभ्यासात चार लाखांहून जास्त माणसं होती, त्यांतल्या सुमारे अर्ध्या टक्क्याला अनियमित नाडीची सूचना आली. माझ्याकडेही एक आजोबा अशीच सूचना घेऊन आले, त्यांना काहीही जाणवत नव्हतं, आणि ईसीजीत खरोखरच फिब्रिलेशन निघालं. पण सूचना न येणं म्हणजे सगळं ठीक असल्याचा दाखला नव्हे.

साखर मोजणारं घड्याळ अजिबात नको. त्वचेला टोचल्याशिवाय साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून सावध राहा, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. असलं एकही उपकरण त्यांनी तोवर मंजूर केलेलं नव्हतं. (पोटाला किंवा दंडाला चिकटवायचे सेन्सर वेगळे, त्यांची बारीक तार त्वचेखाली जाते.)

तुमची खरी गरज रक्तदाबाची आहे. त्यासाठी दंडाला बांधायचं, फुगणाऱ्या पट्ट्याचं (कफचं) यंत्र घ्या, कफ तुमच्या दंडाच्या मापाचा. पाच मिनिटं टेकून गप्प बसा, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. कफ नसलेली जी घड्याळं रक्तदाबाचा आकडा दाखवतात, त्यांतल्या अनेकांना अधूनमधून ह्याच यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. मग मूळ यंत्रच का नको?

प्रतिसाद २

माझ्या आईला पेसमेकर आहे. तिला काही धोका?

प्रतिसाद ६

चार्जर आणि पट्ट्यात चुंबक असू शकतात. फोन, घड्याळ पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर तरी लांब ठेवायचं, छातीवर हात ठेवून झोपायची सवय असेल तर रात्री काढून ठेवायचं. शरीरातली चरबी मोजणारी सोय घड्याळात असेल तर ती वापरायची नाही, त्यात अंगातून सौम्य वीजप्रवाह जातो. आणि बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर व्यायामात नाडी किती असावी ह्याचे घड्याळातले टप्पे तिला लागू होत नाहीत, गोळीमुळे नाडी तेवढी वर चढत नाही.

प्रतिसाद ७

कुणीच लिहिलं नाही म्हणून. दीड महिना हातातून काढला नाही म्हणताय, खाली पुरळ येईल. घाम आणि साबण अडकतो. आंघोळीला काढा, बँड पुसा, मनगट कोरडं होऊ द्या, तेवढ्या वेळात चार्जिंगही होतं. '५ एटीएम' (पाण्याचा दाब सोसण्याचं माप) लिहिलं असलं तरी गरम पाणी आणि साबण रबराच्या सीलला खातात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ७, तुम्ही माझं मनगट बघितलंत की काय? कालच लाल चकंदळ दिसलं.

बँड दोन बोटं वर चढवून चार दिवस चालले. काल चढावर १११ दाखवला, लगेच थांबून १५ सेकंद मोजलं तर २७, म्हणजे १०८. चढ संपल्यावर आकडा आपोआप खाली आला. इतका आनंद झाला की वाटेतच नवऱ्याला फोन केला, त्याला काही कळलं नाही.

नवीन घड्याळ सध्या रद्द, भाचा नाराज आहे. दंडाचं यंत्र आणलं. झोपेच्या गुणांची सूचना बंद केली. डॉक्टरांना धडधडीचं सांगितलं, त्यांनी आधी हे का बोलला नाहीत म्हणून झापलं आणि गुरुवारी होल्टर लावायला बोलावलंय. तेव्हा बँड हातात ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद ६

लावणाऱ्या तंत्रज्ञांना विचारा, त्यांच्या यंत्राप्रमाणे ते सांगतील. बँडपेक्षा कागद-पेन जवळ ठेवा. धडधडलं की होल्टरवर बटण असेल तर दाबा आणि वेळ लिहा, त्या वेळी काय करत होतात तेही लिहा. आणि निघायच्या आधी तुमचं घड्याळ त्यांच्या यंत्राच्या वेळेशी जुळवून घ्या, नाहीतर नोंद एकीकडे आणि धडधड दुसरीकडे असं होतं.