मागे घेता येणारी रेघ: छंदासाठी टॅबलेटवर चित्रं काढावीत का?

रानजाई (धागाकर्ती)

शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं मनापासून केलं होतं. पुढे नोकरी, लग्न, मुलं यांत रंगपेटी माळ्यावर गेली ती गेलीच. वयाच्या ४९व्या वर्षी लेकीचा जुना आयपॅड पेन्सिलीसकट माझ्याकडे आला. प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं अ‍ॅप एकदाच पैसे भरून घेतलं, आणि गेले १४ महिने रात्री ओटा आवरला की तासभर चित्र काढत बसते.

परवा शाळेच्या मेळाव्यात आमचे चित्रकलेचे सर भेटले. उत्साहाने चित्रं दाखवली. सरांनी चार-पाच पाहिली. दोन बोटं काचेवर टेकवली की शेवटची रेघ नाहीशी होते, तेही पाहिलं. मग म्हणाले, "छान आहे, पण ही चित्रकला नव्हे. जी रेघ मागे घेता येते ती रेघच नाही."

तेव्हापासून हे वाक्य मनातून जात नाही. कारण मला चित्राकडे परत आणलं ते त्याच मागे घेता येणाऱ्या रेघेने. तीन वर्षांपूर्वी मी जलरंगासाठी ३०० जीएसएमचे, म्हणजे चांगले जाड, बारा कागद आणले होते. ते अजून कपाटात कोरे आहेत. कागद महाग, हात गंजलेला, आणि पहिलीच रेघ चुकली तर काय ही धास्ती. टॅबलेटवर ती धास्ती गेली. तांब्याच्या तोंडाचा लंबगोल मी चाळीसेक वेळा काढला. कढई, डाव, परात, झोपलेल्या नवऱ्याचा हात, सगळं काढलं. शाळेत कधी न जमलेला लंबगोल आता जमतो.

माझं मत स्पष्ट आहे: छंद म्हणून चित्र काढणाऱ्याने कसलाही अपराधीपणा न बाळगता टॅबलेट घ्यावा. तुम्हाला काय वाटतं?

मेणवलीचा घाट

ताई, सर बोलले ते कठोर होतं, पण त्यात तथ्य आहे.

मी २२ वर्षं रविवारी जलरंगात काम करतो. वाई, मेणवली, पुण्यातल्या जुन्या पेठा. जलरंगात कागद आणि पाणी तुमच्याइतकेच चित्र काढत असतात. ओल्यात ओला रंग सोडला की तो कुठवर पसरेल याचा अंदाज बांधायचा आणि मग हात मागे घेऊन वाट बघायची. अल्ट्रामरीन या निळ्या रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि आकाशाला पोत येतो. तो कुणी 'टाकलेला' नसतो. टॅबलेटवर पोताचा ब्रश निवडावा लागतो, म्हणजे काय होणार ते आधीच ठरलेलं असतं.

दुसरी गोष्ट रंगांची. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, हे आपण पहिलीत शिकलो. तुमच्या टॅबलेटवर गडद निळ्यावर पिवळा अर्धपारदर्शक करून फिरवून बघा. राखाडी येईल. मग हिरवा हवा असेल तर तुम्ही रंगचक्रावर बोट ठेवून तो उचलता. तो हिरवा कशाने घडला, त्यात तांबूस झाक किती, सावलीत तो कुठे वळेल, हे हाताला कधी कळत नाही. चित्रकलेचा अर्धा अभ्यास तिथेच राहून जातो.

सागवान

घाटदादा, राखाडीचं बरोबर आहे. पडदा लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश एकत्र करून रंग दाखवतो आणि बहुतेक अ‍ॅप दोन रंगांची नुसती सरासरी काढतात. निळा आणि पिवळा एकमेकांच्या विरुद्ध असल्याने सरासरी राखाडीच येणार. पण खऱ्या रंगद्रव्यासारखं मिश्रण करणारी अ‍ॅप आहेत. रेबेलच्या प्रो आवृत्तीत निळा-पिवळा मिसळला की हिरवाच होतो, शिवाय ओला रंग ओघळतोही. तेव्हा हा दोष अ‍ॅपचा आहे, माध्यमाचा नाही.

आणि सरांचं वाक्य मला मुळातच पटत नाही. तैलरंगात चुकलं की सुरीने खरवडतात, वाळल्यावर वरून दुसरं रंगवतात. कोळशाची रेघ तर बोटाने पुसतात, पुसणं हा तिथे रेखाटनाचाच भाग असतो. मागे घेता येणारी रेघ ही रेघ नसेल तर तैलचित्रांनी भरलेली संग्रहालयं रिकामी करावी लागतील. जलरंग आणि शाई माफ करत नाहीत हे खरं, पण त्या दोन माध्यमांचा नियम सगळ्या चित्रकलेला लावू नका.

मी रत्नागिरीत राहतो. पावसाळ्यात इथे वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिल्यावर कागद वाळायला दुपार जाते आणि कपाटातल्या कागदावर बुरशीचे ठिपके उमटतात. जून ते सप्टेंबर माझी चित्रकला बंदच असायची. आता नसते.

मेणवलीचा घाट

खरवडलेल्या रंगाचा डाग कॅनव्हासवर राहतो, दादा. पुसलेल्या कोळशाची सावली राहते. चूक चित्रात मुरते आणि पुढची रेघ तिच्याशी जुळवून काढावी लागते. टॅबलेटवर चूक झालीच नव्हती असं होतं. हा फरक लहान नाही.

चिंचपान

मी घरी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. नऊ-दहा वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतची मुलं येतात. अलीकडे त्यांतली काही घरी टॅबलेटवरही काढतात. तुम्ही सगळे रेघ मागे घेण्यावर भांडताय, पण मला खरी भीती वाटते ती चित्र मोठं करून बघण्याची.

एका मुलीने चेहरा आणला होता. पापणीचा एकेक केस सुरेख, बुबुळात खिडकीचं प्रतिबिंबसुद्धा. पण दोन्ही डोळे एका ओळीत नव्हते आणि कपाळ बोटभर कमी पडलं होतं. तिने पाच तास एकाच डोळ्यात शिरून काम केलं होतं, पूर्ण चेहरा तिने पाहिलाच नव्हता. कागदावर हे होत नाही, कारण कागद तेवढाच राहतो. नाक कागदाला टेकवलं तरी चित्र वाढत नाही, उलट मान दुखते आणि आपण मागे सरकून बघतो. ते मागे सरकणं म्हणजेच शिक्षण. आम्हाला एलिमेंटरीला शिकवायचे, पॅड हातभर लांब धर, डोळे किलकिले कर, मोठे आकार आधी बघ.

म्हणून माझं मत: ज्याने आधी दोन-तीन वर्षं कागदावर घालवली आहेत, त्याने खुशाल टॅबलेट घ्यावा. रानजाईताईंनी शाळेत तो पाया घातला होता, म्हणून त्यांना टॅबलेट फळला. कोऱ्या हाताच्या मुलाला तो पहिल्या दिवशी देऊ नये.

रानजाई

चिंचपानताई, अगदी खरं. मीसुद्धा पहिले दोन महिने परातीच्या काठावरच्या चमकेत अडकले होते. मग स्वतःला नियम घालून घेतला: पहिला अर्धा तास चित्र मोठं करायचं नाही, मोठा सपाट ब्रश एकच, आणि लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे चित्राचे थर, दोनच. अधूनमधून कॅनव्हास आडवा पलटून बघते. उजव्याचं डावं झालं की वाकडेपणा चटकन दिसतो. पूर्वीचे चित्रकार यासाठी आरसा वापरायचे. ही सोय टॅबलेटवर एका टिचकीत आहे, तीही मोजा.

मांडवी

मी गोव्याचा, म्हणून दीनानाथ दलालांची आठवण काढतो. मडगावचा हा चित्रकार. 'दीपावली' अंकाच्या मुखपृष्ठांनी दोन पिढ्यांच्या मराठी माणसाला चित्र बघायला शिकवलं. त्यातल्या किती जणांनी दलालांचं मूळ चित्र पाहिलं होतं? सगळ्यांनी पाहिलं ते छापलेलं. त्याआधी राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या देवघरात पोचल्या. मूळ कॅनव्हास राजवाड्यात राहिले. लोकांनी हात जोडले ते छापील चित्राला.

छपाईसाठी काढलेल्या चित्राला आपण चित्र मानलं, तर पडद्यासाठी काढलेल्याला का नाही?

मेणवलीचा घाट

कारण छापलेल्या चित्रामागे कुठेतरी एक मूळ चित्र होतं, आणि ते समोर उभं राहून पाहिलं की छापील चित्र किती उणं आहे ते कळतं.

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र आहे. आपल्या सावंतवाडीचे हळदणकर. अनेकांना ते रविवर्म्यांचं वाटतं, आणि तैलरंगातलं वाटतं. ते जलरंगात आहे. कॅलेंडरवर मी ते लहानपणापासून पाहत होतो. तिथे गेलो आणि अर्धा तास हललो नाही. ज्योतीवर आडव्या धरलेल्या बोटांमधून जो उजेड झिरपतो, तो पांढरा रंग लावून आणलेला वाटत नाही. पातळ रंगाच्या थरांखालचा कागद तिथे उजळतो. तुमच्या टॅबलेटमध्ये उजेड मागच्या दिव्याचा असतो. तिथे काळोख्या खोलीतली ज्योत रंगवणं सोपं आहे, कारण पडदा आधीच पेटलेला आहे. मला हे वरवरचं वाटत नाही. उजेड कुठून आणायचा, याभोवतीच जलरंगाची सगळी कला फिरते.

सागवान

हळदणकरांपुढे मीही हात जोडतो. पण ज्याच्या हातात ब्रश आहे त्या प्रत्येकाला हळदणकरांच्या मापाने मोजायचं, तर छंद कुणी करूच नये.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनींचं उदाहरण आहेच. २०२० मध्ये, ऐंशी पार केल्यावर, नॉर्मंडीत त्यांनी वसंत ऋतूची शंभरावर चित्रं आयपॅडवर काढली आणि पुढच्या वर्षी ती लंडनच्या रॉयल अकॅडमीत मोठी छापून लागली.

चिंचपान

त्याआधी त्यांनी साठ वर्षं कागदावर आणि कॅनव्हासवर काढलं होतं. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

बोरूवाला

मी कॉलेजात आहे, लातूरजवळ. इथे सगळे आयपॅड गृहीत धरून बोलताहेत म्हणून लिहितो. माझ्याकडे बिनपडद्याची पेन टॅबलेट आहे, साडेतीन हजारांत आली. जुन्या लॅपटॉपवर क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर टाकलं आहे, ते पूर्ण मोफत आहे. हात टेबलावर चालतो आणि डोळे पडद्यावर, त्यामुळे पहिले तीन आठवडे रेघ भलतीकडेच जायची. मग हात सरावला. चांगले जलरंग, चांगला ब्रश आणि ३०० जीएसएमचा कागद यांवर वर्षभरात जेवढा खर्च झाला असता, तेवढ्यात माझं सगळं सामान आलं, आणि आता रोजचा खर्च शून्य आहे. घाटकाका, माझ्यासारख्याला तुमचा कागद परवडत नाही. ही तक्रार नाही, पण 'खरी चित्रकला कोणती' हे ठरवताना तेवढं लक्षात घ्यावं.

एक सल्ला सगळ्यांनाच. चित्र छापायचा विचार असेल तर कॅनव्हास सुरुवातीलाच मोठा घ्या. ए४ ला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. मी पहिलं वर्ष मोबाइलच्या मापात काढलं. ती चित्रं आता पोस्टकार्डापेक्षा मोठी छापता येत नाहीत.

मेणवलीचा घाट

बोरूवाला, तुझं म्हणणं पटलं. खर्चाचा विचार मी केला नव्हता. तू काढत राहा, आणि कधी पुण्याला आलास तर माझे कागद आणि रंग तुझेच समज.

रानजाईताई, तुमच्याकडे मात्र बारा कागद पडून आहेत. एक विनंती करतो. त्यातला एक काढा आणि तोच तांब्या समोर ठेवून एका बैठकीत रंगवा. मग पुन्हा बोलू.

रानजाई

रविवारी केलं. सांगते जसं झालं तसं.

तांब्याचं तोंड पहिल्याच रेघेत जमलं. खोडरबर हातात घ्यावंच लागलं नाही, आणि मला रडू आलं. हा लंबगोल मला टॅबलेटनेच दिला. घाटदादा, यावर मी हटणार नाही.

रंगात मात्र फजिती झाली. डाव्या बाजूची सावली टाकताना पाणी जास्त झालं. रंग वाहत तांब्याच्या गळ्यावर गेला आणि मी सवयीने दोन बोटं कागदावर ठेवली. रंग बोटांना लागला. मग टिपून घ्यायला गेले तर कागदाचे धागे निघाले. तासाभराने पाहिलं तर कागद मधोमध फुगून वर आला होता आणि सगळा रंग कडेला साचला होता. चमकेसाठी जागा कोरी सोडायची हे मला माहीत होतं, पण सोडायची कुठे ते आधी ठरवलंच नव्हतं. टॅबलेटवर ती मी नेहमी शेवटी वरून टाकते.

कागद भिंतीला लावला आहे. रात्री पुन्हा टॅबलेटवर बसले, आणि या वेळी चमकेची जागा आधी सोडून मग रंगवलं. अकरा कागद उरले आहेत.

मेणवलीचा घाट

ताई, कागद बोर्डाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला होतात का? नसेल तर तो फुगणारच. आधी दोन्ही बाजूंनी पाण्याने भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग ओला असतानाच गमच्या कागदी पट्टीने बोर्डावर चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी नगाऱ्यासारखा ताठ होतो. सावली टाकताना बोर्ड थोडा तिरका ठेवा, ओघळ खाली एका कडेला जमेल, तो कोरड्या ब्रशच्या टोकाने उचलून घ्या. बोटाने नको.