ओसरीचे रंग जुळत नाहीयेत, मदत हवी आहे

पऱ्हाटी:

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात आमचं मातीच्या भिंतींचं घर आहे. तोंड पश्चिमेला, पुढे लाकडी खांबांची ओसरी. सासूबाई दर दिवाळीआधी चुन्यात नीळ कालवून भिंतींना हात द्यायच्या आणि खाली हातभर गेरूचा पट्टा ओढायच्या. यंदा त्यांच्या गुडघ्यांना वर-खाली होत नाही, म्हणून कुंचा माझ्या हाती आला.

मला रंगांची फार ओढ. आत्ता बांधावर अंबाडी फुलली आहे. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि पार आत, देठाजवळ, कुंकवाहून गडद डाग. एवढासा डाग, पण त्याच्यामुळेच तो पिवळा रंग उठतो. फाल्गुनात उघड्या रानात पेटलेला पळस बघत मी रस्त्यात उभी राहते. तोच केशरी घरात आणावा म्हणून ओसरीची मागची भिंत निळी ठेवली आणि दोन्ही बाजूंच्या भिंती केशरी केल्या.

आता तिथे बसवत नाही. कोपऱ्यात निळा नि केशरी भिडतात तिथे नजर ठरतच नाही, कड थरथरल्यासारखी दिसते. सासूबाई म्हणाल्या, "घर हाये का मांडव हाये व हे?" त्यांचं खरं आहे, पण पुन्हा सगळं पांढरं करायचं माझ्या जिवावर येतं.

दुसरं, पिवळ्यासाठी चुन्यात हळद घालून पाहिली. कुंकू करताना होते तशी ती लाल झाली. पिवळा कशाने येईल? आणि दोन रंग शेजारी ठेवायचे तर आधी काय बघायचं?

गेरूचा हात:

ताई, आधी पिवळ्याचं सांगतो. चुन्यात पिवडी घाला. पिवडी आणि गेरू दोन्ही मातीचे रंग, त्यांचा रंग लोखंडामुळे असतो. चुना त्यांना खात नाही, ऊनही उडवत नाही. हळद चुन्यात लाल होते आणि आपल्याकडच्या उन्हात टिकतही नाही. नीळ पुडीतली घ्या. कपड्यांसाठी बाटलीत येते ती पातळ नीळ भिंतीच्या कामाची नाही. कालवताना थोडा डिंक टाका म्हणजे हाताला रंग लागणार नाही.

आणि ओल्या भिंतीवर निर्णय घेऊ नका. ओला चुना गडद दिसतो, सुकला की बराच उतरतो. भिंतीवरच वीतभर चौकोन मारा आणि एक रात्र जाऊ द्या.

कोसा:

मी भंडाऱ्याची. आमच्याकडे मोहाडीच्या बाजूला करवती काठाच्या साड्या विणतात. अंग कोशाचं, मधासारखं, आणि काठ गडद. काठ अंगाला सरळ रेघेत भिडत नाही, करवतीच्या दात्यांसारखा आत शिरतो. म्हणून गडद काठसुद्धा तुटक वाटत नाही.

तुमच्या ओसरीत दोन्ही रंग अंगाचेच झाले आहेत, काठ कोणीच नाही. निळ्याला अंग करा, केशरीला काठ. लुगडं नेसणारी बाई जे रोज बघते तेच हे माप. केशरी बोटभर राहिला तरी पुरेल, बघा.

खडू-फळा:

कोसाताईंनी म्हटलं त्याला रंगशास्त्रात आधार आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथला काळा धागा कापडात फिका पडतो अशी तक्रार यायची. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या रंगामुळे काळा तसा दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी हा नियम सविस्तर मांडला. निळा आणि केशरी रंगचक्रात समोरासमोर येतात, त्यामुळे शेजारी ठेवले की दोघेही आणखी भडकतात. उजेड-अंधाराच्या मापाने दोन्ही सारखे असले तर कड थरथरते.

उपाय तीन: एकाची जागा कमी करा, एकाला मातकट करा किंवा मध्ये पांढऱ्या चुन्याची पट्टी सोडा. तुमच्या सासूबाईंचा गेरू म्हणजे मातकट झालेला केशरीच की! म्हणून तो निळ्याखाली इतकी वर्षं सुखाने नांदला.

पऱ्हाटी:

गेरूचं वाचून मी बाहेर जाऊन पुन्हा भिंत बघून आले. इतकी वर्षं मी तो पट्टा पावसाचे शिंतोडे लपवायला असतो असंच समजत होते.

चार दिवसांत हे केलं. बाजूच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात, त्यात चिमूटभर पिवडी. मागची निळीच. गेरूचा पट्टा तिन्ही भिंतींना सलग, त्याच्यावर बोटभर पांढरी रेघ. केशरी फक्त दोन कोनाड्यांच्या आत. दिवा ठेवला की आतून पळस फुलल्यासारखा दिसतो. सासूबाई काल तिथेच तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत, पण उठल्याही नाहीत.

एक गोष्ट विचारायची राहिली. दिवेलागणीला, दिवा लावायच्या आधी, गेरू काळा पडतो आणि निळी भिंत मात्र उजळते. हा माझ्या डोळ्यांचा भास आहे का?

खडू-फळा:

भास नाही. उजेड कमी झाला की आपला डोळा लालपेक्षा निळ्याला जास्त दाद देतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञांनी हे टिपलं, त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखतात.

पऱ्हाटी:

धन्यवाद सर. मग निळी भिंत मी कधीच बदलणार नाही, शेतातून आम्ही परततो तेव्हा तीच वेळ असते.

आता दार बाकी आहे. सागवानी, तेल पिऊन काळं झालेलं, त्याला मी हात लावणार नाही. चौकट मात्र सासूबाईंना हिरवी हवी आहे. निळ्या भिंतीत हिरवी चौकट कोणी पाहिली असेल तर कसला हिरवा ते सांगा, कोवळ्या तुरीच्या पानाचा की कडुनिंबाचा? रविवारी सकाळी रंग कालवायचा आहे.