शब्दचर्चा : ओव्याचं पान ओव्याचं असतं का?

भाचीने परवा विचारलं, "मावशी, कुंडीतल्या ओव्याला ओवा कधी लागणार?" मला सांगता येईना. 'ओव्याचं पान' हा शब्दच चुकीचा आहे का?

— ताई, त्याला ओवा कधीच लागायचा नाही. झाडंच दोन वेगळी आहेत. डब्यातला ओवा जिरे-कोथिंबिरीच्या कुळातला, एका हंगामात पेरून काढायचा. त्याची पानं शेपूसारखी चिरलेली, बारीक. त्यांची भजी करायची म्हटली तर पीठ धरेल एवढं पानच नाही. कुंडीतल्याचं शास्त्रीय नाव कोलियस ॲम्बॉइनिकस, ते तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, बहुवर्षायू. पान हातात घेऊन बघा: जाड, रसाळ, अंगावर मऊ लव, कडेला बोथट दाते. कांडी वाकवली की काडकन मोडते, आणि तीच मातीत खोचली की मूळ धरते. बी न पेरता ते घरोघरी गेलं ते असं, शेजारणीकडून आणलेल्या एका फांदीवर.

वास मात्र खरंच जुळतो. ओव्याच्या वासामागे थायमॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं. या पानात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल, दोन्ही एकमेकांची सख्खी भावंडं. म्हणून मी या शब्दाला चूक म्हणणार नाही. आपल्या बायकांनी नाव नाकाने ठेवलं. कॅरिबियन बेटांवरही तेच झालं, तिथे कुणी याला ओरेगॅनो म्हणतं, कुणी थाईम, म्हणजे अशाच वासाच्या दुसऱ्या वनस्पतींची नावं. 'ॲम्बॉइनिकस' हे नाव इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून पडलं, पण हे मूळचं आफ्रिकेच्या पूर्व-दक्षिण भागातलं आणि अरबस्तानातलं.

— कानडीत हे दोड्डपत्रे, म्हणजे 'मोठं पान'. आमच्याकडे त्याची ताकातली तंबळी करतात. मल्याळीत पनिकूर्क्क, त्यातला 'पनि' म्हणजे ताप.

— एक सांभाळा. काही ठिकाणी याला पत्थरचूर किंवा पाषाणभेद म्हणतात आणि पानफुटीलाही तेच म्हणतात. पानफुटीच्या पानाच्या कडेला नवी रोपं फुटतात, आणि तिला ओव्याचा वास नाही. औषधाला नेणार असाल तर नावावर जाऊ नका, पान चुरगळून बघा.

— मग मी 'पानओवा' म्हणते. तो शब्द आमच्या आजीच्या तोंडी होता, मीच सोडून दिला होता. भाचीला दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवणार आहे. ओव्याचे दाणे कुंडीत टाकलेत, कोंब आले आहेत.